तुतीचा वळसा

पेरणीचा आराखडा करायला लेकीने शेतावरून ड्रोन उडवला आणि फोटो स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉपमध्ये उघडला. नांगरटीच्या सगळ्या रेघा सरळ होत्या, फक्त मधोमध एका जागेला वळसा घालून गेल्या होत्या.

"बाबा, इथे काय आहे?"

"काही नाही. तुतीचं झाड होतं. आई तुझी झोळी त्यालाच बांधायची. तू शाळेत असताना वादळात पडलं."

"मग अजून वळसा कशाला?"

"ट्रॅक्टर तिथे आला की हात आपोआप वळतो."

"म्हणजे नसलेल्या झाडाभोवती पिंगा घालताय. केवढी जागा वाया जाते. पुढच्या वेळी मी नांगरणार, एकदम सरळ."

"नांगर बाई."

पुढच्या हंगामात नांगरट तिनेच केली. ड्रोन उडवून नवा फोटो टेबलावर उघडला आणि लॅपटॉप बाबांकडे वळवला.

बाबांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं.

"माझ्यापेक्षा तुझा वळसा मोठा झालाय," ते म्हणाले. "बरोबरच आहे. झाडही एव्हाना वाढलं असतं."