मरूसोच्या रुखवतातली चादर

अनेझिनाने चादर टेबलावर अर्धवट उलगडली आणि बायकांचं हसू फुटलं. जाड तागाचं पांढरं कापड, काठाला लाल-निळ्या रेशमाची गलबतं नि पक्षी, आणि मधोमध तांबूस डागच डाग.

“अगं, नवरीआधी चादरच झिंगली की काय?” शेजारी बसलेली देस्पो म्हणाली.

अनेझिनाही हसली. ग्रीसमधल्या स्कीरोस बेटावरच्या शाळेत उन्हाळ्यापुरता भरतकामाचा वर्ग भरला होता. घरातलं जुनं काम आणा, त्यावरून नमुने उतरवू, असं शिकवणाऱ्या फ्लोरूमावशींनी सांगितलं होतं. म्हणून तिने काल पहिल्यांदाच थोरल्या बहिणीच्या, मरूसोच्या, रुखवताची पेटी उघडली. मरूसो खलाशाचा हात धरून ऑस्ट्रेलियाला पळाली, असं आईने सांगितलं, त्याला चाळीस वर्षं झाली. पत्र नाही, निरोप नाही. पण आई मरेपर्यंत म्हणायची, “येईल. तिची पेटी तिनेच उघडायची.” त्या शब्दावर अनेझिनाने जन्म काढला. लग्न केलं नाही, घर विकलं नाही. दर ईस्टरला ती बहिणीच्या खोलीला चुना लावायची. धक्क्याला बोट लागली की अजूनही तिची मान वळायची. वेडी आशा, दुसरं काय!

“डाग वाइनचा आहे,” मावशी म्हणाल्या. “तुझ्या आईने धुतला कसा नाही? ती तर ठिपका राहू द्यायची नाही.”

“काय की! ही चादर घेऊन ती एकदा तिनोस बेटावर मरियममातेच्या देवळाला गेली होती. ताई गेल्यावर तीन वर्षांनी. नवस आहे म्हणाली. एरवी कधी बेट सोडलं नाही तिने.”

मावशींचा हात थांबला. मग त्यांनी चादर लांबीने सरळ केली. आता डाग सुटे सुटे दिसू लागले. वर एक मोठा गोल. त्याखाली लांबट डाग, जोडीजोडीने.

देस्पोने हसू गिळलं आणि छातीवर क्रूस काढला. कुणी काही सांगायची गरज नव्हती. बेटावरच्या प्रत्येक घराने हे केलेलं. पुरून तीन वर्षं झाली की आपल्या माणसाची हाडं वर काढायची, वाइनने धुवायची, पांढऱ्या कापडावर उन्हात मांडायची. मागच्या वसंतात अनेझिनाने स्वतःच्या हाताने आईची मांडली होती. वर कवटी, खाली हातापायांची.

ती बाकावर बसली.

“आईला ठाऊक होतं,” ती म्हणाली. “तिनेच धुतली ताईला. आणि मला जन्मभर वाट बघायला लावली. कशासाठी हो मावशी? कसली एवढी लपवाछपवी?”

चादरीची एका बाजूची घडी दुमडलेलीच राहिली होती, ती मावशींनी हळूच उलगडली. मोठ्या डागांच्या कुशीशी तिथे आणखी एक गोल होता, संत्र्याएवढा, आणि त्याखाली काडीएवढे डाग, जोडीजोडीने.