मुलाखतीची तालीम

पीएचडीची जागा एकच होती आणि प्रयोगशाळेतल्या दोघींनी अर्ज केला होता. तरी चिमणीची तालीम तिच्या सीनियरनेच घेतली. चिमणी तिला ताई म्हणायची.

पेशींचे फ्लास्क इन्क्युबेटरमध्ये ठेवता ठेवता ताईने विचारलं, "स्नायूंच्या आजारावरच संशोधन का?"

"कारण या क्षेत्रात भरपूर संधी..."

"ए चिमणे, पोपट होऊ नकोस! पोटातलं बोल."

मग चिमणी बोलली. घराबाहेर कधीच न काढलेलं सगळं बोलली. ताईने हातमोजे काढून तिचे डोळे पुसले. "हेच सांग तिथे. जागा तुझीच बघ."

मुलाखतीला ताईचा नंबर आधी लागला. बाहेर येताना तिने चिमणीच्या पाठीवर थाप मारली.

आत तोच प्रश्न आला.

चिमणी पोटातलंच बोलली. "शाळेत जाताना मी धाकट्या भावाचं दप्तर उचलायचे. पुढे पुढे त्यालाच उचलायला लागले."

समितीतल्या बाईंनी चष्मा काढला. त्यांचा आवाज फार मायेचा होता.

 

 

"म्हणजे आत्ता भावाच्या दप्तराचं हेच सांगून गेली, ती तुझी सख्खी बहीण का गं?"