एकाच उजेडातली जुळी

"ही माझी जुळी नव्हेत." इया इबेजीने, म्हणजे जुळ्यांच्या आईने, फोटो टेबलावर पालथा टाकला. "एक कोळसा, एक राख. एका पोटची म्हणेल का कुणी?"

लासिसी फोटोग्राफरने फोटो उलटून पाहिला. बाई खोटं बोलत नव्हती. पांढऱ्या झग्यातला तायवो काळाठिक्कर, निळ्या कपड्यातली केहिंदे फिकट. बसली होती मात्र दोन्ही वेळा सहा वर्षांची केहिंदेच. जुळ्यांतलं एक गेलं की मागे राहिलेल्याने दोघांच्या वतीने बसायचं आणि दोन फोटो एका कागदावर जोडायचे, ही इजेबु-ओदे गावाची जुनी रीत. तायवोला जाऊन चार महिने झाले होते. त्याचा स्वतःचा एकही फोटो नव्हता.

"कॅमेऱ्याचं मीटर बिघडलंय," लासिसी म्हणाला. उजेड मोजणाऱ्या मीटरचा कॅमेरा घेऊन त्याला महिनाच झाला होता.

"नाचता येईना, अंगण वाकडं!"

त्याने पोरीला खिडकीपाशी बसवलं. भावाच्या झग्यात मीटरचा काटा वर गेला, तिच्या निळ्या कपड्यात खाली आला. मग नाक मुठीत धरून तो समोरच्या स्टुडिओतून दुसरा कॅमेरा मागून घेऊन आला. पुन्हा झगा, पुन्हा निळं.

"आणखी किती वेळा बदलू?" केहिंदे करवादली.

दुसऱ्या कॅमेऱ्याचे आकडे वेगळे होते, पण दोन कपड्यांमधली काट्याची उडी तेवढीच होती. आता कुठे लासिसीच्या डोक्यात प्रकाश पडला. खिडकीतला उजेड तसूभर हलला नव्हता. मीटर चेहरा बघतच नव्हतं, कपडे बघत होतं. पांढरं दिसलं की उजेड फार म्हणायचं, निळं दिसलं की कमी. आणि तो गाढवासारखा त्याचं ऐकून कॅमेऱ्यात उजेड कमीजास्त घेत आला होता.

मोजायला हवी होती कातडी. पण कॅमेरा नाकाशी नेला की केहिंदे खुदकन हसून तोंड फिरवायची.

"इया इबेजी, तुमचा रंग तिचाच. तिच्या गालावर हात ठेवा. हाताची मागची बाजू माझ्याकडे."

तिने हात ठेवला. त्याने जवळ जाऊन नुसत्या हातावरचा उजेड मोजला, आकडा लिहून घेतला आणि हात बाजूला झाल्यावर निळ्या कपड्यातला फोटो काढला. मग झगा चढला, वर भावाची टोपी. पुन्हा गालावर हात. काटा बरोबर त्याच आकड्यावर थांबला.

"जमलं!" लासिसीने मांडीवर थाप मारली. "काढा आता हात."

हात निघाला नाही. टोपीखालच्या त्या चेहऱ्याकडे बाई नुसती बघत होती. तिचा अंगठा पोरीच्या भुवईवरून फिरत राहिला. दुसऱ्यांदा सांगायचा लासिसीला धीर होईना. तो उगाच कॅमेरा पुसत बसला.

केहिंदे बराच वेळ ताठ बसून होती. मग हळूच म्हणाली, "आई, हात काढ ना. तायवोचा फोटो राहिलाय."