दूध उतू जाईना

नव्या घरात पहिलं दूध उतू जायलाच हवं, म्हणून कुमुदिनीबाई सुनेच्या मागे ठाण मांडून उभ्या होत्या. पण दूध वर आलं, की गॅसची शेगडी आपोआप विझायची. देशाचा गॅसचा साठा आटायला लागल्यापासून प्रत्येक शेगडीला नासाडी बरोबर कळायची.

"दूध तापलं आहे," शेगडी तिसऱ्यांदा बोलली.

"तुझाच पायगुण!" कुमुदिनीबाई कडाडल्या.

ऋजुताचं टाळकं सरकलं. तिने पातेलं उचललं आणि सगळं दूध शेगडीवर ओतलं. "घ्या, गेलं उतू!"

"नासाडी झाली. या घराचा गॅस वर्षभर बंद," शेगडी म्हणाली.

"झाला ना शकुन, आई?" ऋजुता म्हणाली. "आता वर्षभर माझ्याकडे गरम चहा मागायचा नाही."