सुकाणूवर

शाळेचा उन्हाळी हंगाम म्हणजे चैत्रालीची चंगळ असायची. सकाळी क्रिकेट, दुपारी होड्या वल्हवणं. या उन्हाळ्यात मात्र तिला बॅटही उचलवेना. जपानमधल्या कोबेच्या डॉक्टरांनी तिच्या आईला, मंजुषाला, एकटीला आत बोलावून सांगितलं, "आता औषधांचा उपयोग नाही."

दुसऱ्या दिवशी मंजुषा तिला नुसतं बघायला म्हणून धक्क्यावर घेऊन गेली, तर तिथल्या प्रशिक्षकांनी, सेन्सेईंनी, तिला थेट होडीत सुकाणूवर बसवलं. चैत्राली काठावर परत आली ती हसतच.

"आई, वल्हवायचं नाही, नुसता ओरडून ताल द्यायचा. तिथे सगळ्यात हलकी मुलगी लागते. सप्टेंबरात शर्यत आहे. सेन्सेई म्हणाले, तोपर्यंत वजन वाढू देऊ नकोस."

मंजुषाने तिच्या खांद्यांवर टॉवेल टाकला.

"नाही वाढणार," ती म्हणाली.