फंक्शनच्या वरची ओळ

"अनुया, नंबर मी माझाच टाकला. पासवर्डही माझाच. पण नाव तुझं येतंय."

फोनवर सासरे होते. श्रीपादराव विमा कंपनीतून निवृत्त झाले होते आणि जयपूरच्या दुर्गापुऱ्यातल्या घरी ब्रॉडबँड येऊन जेमतेम महिना झाला होता. सकाळी त्यांनी साखर तपासायला रक्त दिलं होतं. लॅबची साइट सुनेच्याच ऑफिसने बनवलेली, म्हणून रिपोर्ट घरबसल्या बघायची त्यांना भारी हौस.

"माझं नाव? नीट बघा बरं, बाबा."

"बघितलं की. अनुया पंडित, वय एकतीस. खाली रिपोर्ट आहे कसला तरी."

अनुयाचा हात माउसवरच थांबला. थोड्या वेळापूर्वी तिने याच साइटवर स्वतःचा रिपोर्ट उघडला होता, वाचला होता आणि लगेच बंद केला होता. पॉझिटिव्ह. नवऱ्याला, वरुणलाही तिने अजून सांगितलं नव्हतं. गेल्या खेपेला दुसऱ्याच महिन्यात सगळ्यांना सांगून झालं होतं, आणि मग त्याच सगळ्यांना पुन्हा फोन करावे लागले होते.

"बाबा, ते पान बंद करा. साइटमध्ये काहीतरी बिघडलंय."

"केलं बंद. तू घाबरू नकोस. सावकाश बघ."

रिपोर्ट दाखवणारं फंक्शन, म्हणजे कोडचा तेवढा तुकडा, तिनेच लिहिलेला होता. तिने ते वरपासून खालपर्यंत वाचलं. एक अक्षरही बदललेलं नव्हतं. पुन्हा वाचलं. चूक सापडेना. मग तिची नजर फंक्शनच्या डोक्यावर गेली. तिथे @ या चिन्हाने सुरू होणारी तिची एक ओळ असायची, आत येणाऱ्याचं लॉगिन तपासणारी. आता तिच्याही वर आणखी एक ओळ बसली होती. ती तिची नव्हती.

"ज्ञानदा, हे वरचं डेकोरेटर तू लावलंस?"

शेजारच्या टेबलावरची ज्ञानदा खुर्ची सरकवत जवळ आली. जयपुरातच वाढलेली मुलगी, मराठी जपून बोलायची. "हो दीदी, काल. लॅबवाले म्हणत होते ना, साइट स्लो आहे. मतलब, तुमच्या फंक्शनला मी हात पण नाही लावला. फक्त वरून डेकोरेटर दिलं. पान एकदा बनलं की ते साठवून ठेवतं आणि तासभर तेच देतं."

"कोणकोणत्या पानांवर लावलंस?"

"सगळ्या."

अनुयाने मॉनिटर स्वतःकडे वळवून घेतला. दोन्ही ओळींची तिने अदलाबदल केली. लॉगिन तपासणारी वर, साठवणारी खाली. आधी तपासणी झाली की बाकीचं आपोआप ठीक होईल असं तिला वाटलं. चाचणीसाठी बनवलेल्या खोट्या पेशंटच्या नावाने ती आत शिरली.

अनुया पंडित, वय एकतीस.

तिला कळेना. तपासणी तर होत होती. चुकीचा पासवर्ड दिला तर साइट आत घेत नव्हती. मग आत गेल्यावर हे काय? तिने ओळी पुन्हा पहिल्यासारख्या केल्या, पुन्हा उलट्या केल्या. दोन्हीकडून तेच. डोकं चालेनासं झालं.

"दीदी," ज्ञानदा हळूच म्हणाली, "रेट लिस्टचं पान सगळ्यांना सेम असतं. रिपोर्टचं तर नसतं ना."

तेव्हा अनुयाला उमगलं. लॉगिनवाली ओळ माणूस खरा की खोटा एवढंच बघत होती. साठवणाऱ्या ओळीला माणूसच दिसत नव्हता, फक्त पान दिसत होतं. सगळ्यात आधी ज्याने उघडलं त्याचं पान ती मागून येणाऱ्या प्रत्येकाला दाखवत होती. आणि आधी उघडणारी ती स्वतःच होती.

ज्ञानदाचा चेहरा उतरला होता. "कोणाचा रिपोर्ट दिसत होता, दीदी?"

"ही ओळ इथून काढून टाकते," अनुया म्हणाली.

तिने ओळ काढली, साठवलेली पानं पुसली. खोट्या पेशंटला त्याचा खोटा रिपोर्ट दिसला. मग तिने लॅबला फोन करून सांगितलं, की काही जणांना दुसऱ्याचाच रिपोर्ट दिसला असेल, त्यांना पुन्हा बघायला सांगा. तो कोणाचा, हे काही तिला सांगवलं नाही.

शेवटी घरी फोन लावला.

"बाबा, आता बघा."

बराच वेळ एका बोटाने टाइप केल्याचा आवाज येत राहिला. "आलं. माझंच आहे. साखर ठीक दिसतेय."

"ते मघाचं..." अनुया अडखळली. "तुम्ही वाचलंत का?"

"मला काय कळतंय त्यातलं?"

"आईंना काही..."

"सुधाला काय सांगायचं? साइट बिघडली होती, नीट झाली."

त्यांच्या आवाजात नेहमीपेक्षा वेगळं काहीच नव्हतं. खरंच कळलं नसेल? आयुष्यभर लोकांचे वैद्यकीय कागद वाचून विमा मंजूर करणारा माणूस. अनुयाला काही ठरवता येईना. ती फोन ठेवणार, तेवढ्यात ते म्हणाले,

"आणि हे बघ, संध्याकाळी स्कूटीवरून येऊ नकोस. स्टेशनपाशी रस्ता खणून ठेवलाय सगळा. गाडी राहू दे ऑफिसातच. मी रिक्षा घेऊन येतो तुला न्यायला."

सकाळी ती त्याच रस्त्याने आली होती. रस्ता चांगला होता.

"बरं, बाबा," ती म्हणाली.