मागचं दार
नोकरी सोडून दवाखाना बांधला, तेव्हा गवंडी म्हणाला, “डॉक्टर, मागं दार ठेवू का?” मी ऐटीत सांगितलं, “पेशंटपासून पळायचंय कुणाला?” फक्त खिडकी ठेवली आणि चोर शिरू नये म्हणून तिला गज बसवले. आज लेक कायमची परदेशी निघाली. हॉल खच्चून भरलेला. मी बाहेर पडलो की पेशंट रिपोर्ट घेऊन घेरतात, ती आत आली की ‘नंबर आमचा’ म्हणून भांडतात. शेवटी तिनं टॅक्सी मागच्या गल्लीत खिडकीपाशी थांबवली. मी गजांतून हात बाहेर काढला. तिनं तो गालाशी धरला. “बाबा, वेळेवर जेवत जा.” “पोचलीस की फोन कर.” “उचलशील?” तेवढ्यात दारातून कंपाउंडरनं विचारलं, “पुढचा पाठवू?” लेक डोळे पुसत हसली, “भेटीची वेळ संपली, बाबा.” हात तिच्या गालावरच होता आणि तोंडून सवयीनं निघालं, “पाठव.”